रिकाम्या दिसणाऱ्या पठारावर

(वार्षिक सहाय्यक सभेत केलेल्या भाषणातून)



वसतिगृहातील मुलांना आम्ही पावसाळा सरताना घाटघरकडच्या पठारावर अभ्यासाला नेतो. आज तेवढ्याविषयीच बोलतो, कारण आपल्या काही मंडळ्यांनी त्याच पठारावर झाडे लावण्यासाठी वर्गणी देऊ केली आहे.

आपल्या जिल्ह्याची तऱ्हाच न्यारी. कर्जत-जामखेडकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि अकोले तालुक्यातल्या घाटघरला तो पाच हजारांच्या घरात. मग एवढ्या पावसात हा कातळ उघडा का? मुलांनी खुरप्याने माती उकरली. दोन पेरांवर खडक लागला. पुढे दोरीचा चौकोन टाकून आतली झाडे मोजायला सांगितली, तर बोटे पुरेनात. सोनकी, तेरडा, नाना तऱ्हेचे गवत, आणि ओलीत निळी-जांभळी सीतेची आसवे. हे इवलेसे झाड किडे खाते! कातळावरच्या मातीत नत्र कमी, म्हणून पाण्यातले बारीक जीव ते आपल्या सूक्ष्म फुग्यांत पकडते. भिंगासाठी मुलांची डोकी एकमेकांवर आपटत होती.

नावे सांगायला मी लागलोच नाही. ही महादेव कोळी आणि ठाकर घरांतली मुले. कोणते गवत गुरे खातात, कोणती रानभाजी पहिल्या पावसात निघते, हिरडा केव्हा गोळा करायचा, हे त्यांना आजीकडून आलेले. वर्गात मागे बसणारा एक ठाकराचा मुलगा त्या दिवशी आमचा गुरुजी झाला. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. देशी बियाणे राखले म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तेव्हा रोपांबद्दल स्पष्ट बोलतो. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याला विचारल्याविना तिथे खड्डासुद्धा घेता येत नाही. आणि परवानगी मिळाली तरी मी नको म्हणेन. सावली पडली की सोनकी आणि सीतेची आसवे जातील, गुरांचे गवतही जाईल. कर्जतच्या रेहेकुरीला काळवीट टिकले तेही माळ माळच राहिला म्हणून. (उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही हिरवळीचे नाव फळझाडांच्या आधी येते, हे आमच्या एका मुलीने दाखवून दिले.)

पैसे मात्र परत नेऊ नका. गावात मुलांच्या घरांजवळ बांध आहेत, तिथे हिरडा, आंबा, जांभूळ चांगले येतील, आणि राखायला घरचे माणूस असेल. उरलेल्या रकमेत भिंगे आणि बियाण्याचे डबे घेऊ.

एका वयस्क भगिनीने पतीच्या स्मरणार्थ रोपे दिली आहेत. ती डोंगरमाथ्यावर, लांबून दिसतील अशी असावीत, ही त्यांची इच्छा. बांधावरची झाडे लांबून दिसणार नाहीत. मी त्यांना पत्र लिहिले आहे, पुढच्या सहलीला सोबत येण्याचे आमंत्रणही दिले आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.