उंबऱ्याच्या आत मराठी

लहानपणच्या घराविषयी बोलावयाचे म्हटले की मराठी माणूस सहसा कोकणातल्या माडांकडे वळतो, नाही तर देशावरच्या चौसोपी वाड्याकडे. माझे घर या दोन्हींत बसणारे नव्हते. ते छत्तीसगढात, रायपूरच्या तात्यापाऱ्यात होते. भोवती भाताचा मुलूख, गावोगाव तळी, आणि रस्त्यावर पाऊल टाकले की कानांवर पडे ती छत्तीसगढी. ‘तिथे मराठी माणसे कशी हो गेली?’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारण्यात आला आहे.

त्याचे उत्तर सोपे आहे. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून या प्रांताचा कारभार पाहिला. राजा एकटा येत नाही. त्याच्यामागून कारकून येतो, पुजारी येतो, शिलेदार येतो. १८१८ नंतर इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले, तेव्हा दौत-लेखणीवर पोट भरणारी घरेही रायपूरकडे वळली. पुढे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तरी मध्य प्रांताची राजधानी नागपूरच राहिली, आणि आमच्या तोंडी ‘सरकार’ म्हणजे नागपूर हे समीकरण कायम झाले. बाहेरून आलेल्या मुलांनी या गावात वाढावे, हे तसे नवलाचे नाही. वडिलांच्या कामानिमित्त १८७७ साली कलकत्त्याहून इथे आलेला नरेंद्र नावाचा एक मुलगा बुढापाऱ्यात सुमारे दोन वर्षे राहून गेला. त्याला जग पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले.

आमच्या घराला दर्शनी ओसरी होती, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि परसात विहीर व एक जुनी चिंच. भिंती मातीच्या, छपरावर खपरे. हे सारे त्या गल्लीतल्या इतर घरांसारखेच. वेगळा होता तो आजीचा कायदा. उंबऱ्याच्या आत मराठी, हा त्याचा पहिला व शेवटचा नियम. बाहेर तुम्ही कोणतीही भाषा बोला. आत छत्तीसगढीचा शब्द तोंडातून निघाला की दंड म्हणून मनाच्या श्लोकांतला एक श्लोक म्हणावा लागे. एका शब्दाला एक श्लोक. समर्थांनी दोनशेपाच श्लोक लिहिले आहेत; आमच्या दादाने ते साऱ्या घरात सर्वांत आधी पाठ केले, यावरून त्याच्या वर्तणुकीची कल्पना यावी.

दंड टाळण्याची युक्तीही त्यानेच काढली. दोन्ही भाषांत सापडणारे, परंतु अर्थाने निराळे असे शब्द त्याने शोधून ठेवले. छत्तीसगढीत ‘बबा’ म्हणजे आजोबा. आजोबांना भेटावयास कुळे येत आणि दारातून ‘बबा हे का?’ असे विचारीत. दादा निरागस चेहऱ्याने आमच्या बाबांना झोपेतून उठवून आणी. ‘त्यांनी बाबाच म्हटले,’ हा त्याचा बचाव, आणि त्यात मराठीच्या दृष्टीने काही खोट काढता येत नसे. ‘दाई’ म्हणजे तिकडे आई. आमच्याकडे पाणी भरावयास व भांडी घासावयास येणाऱ्या वृद्ध बाईंना सारा मोहल्ला दाई म्हणे. सुट्टीत आलेल्या पाहुण्या मुलांना मात्र वाटे की या घरी बारा महिने बाळंतपणच चालू असते.

या युक्त्यांचा सर्वांत मोठा फटका बसला तो आमच्या काकूला. ती साताऱ्याची. लग्न होऊन आली त्याला महिनाही झाला नसेल, आणि कार्तिकी एकादशी आली. सकाळीच भाजीवाली ‘कांदा, कांदा’ म्हणून ओरडत गल्लीत शिरली, आणि साऱ्या घराचे सोवळे सांभाळणाऱ्या आजीने तिला हाक मारून थांबविले. काकूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिकडे कांदा म्हणजे रताळे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि ज्यांना ते ठाऊक होते, ती आम्ही मुले गंभीर चेहऱ्याने तिच्या भोवती उभी होतो. ‘या घरात एकादशीला कांदा चालतो,’ दादाने सांगितले. ‘टोमॅटो मात्र थेट पताल.’ हेही खोटे नव्हते, कारण टोमॅटोला तिकडे पतालच म्हणतात. बिचारी काकू दुपारच्या फराळापर्यंत आपण कोणत्या पंथाच्या घरात पडलो, याच चिंतेत होती.

काकूने याचा वचपा काढावयास तीन महिने घेतले. ती विहिरीवर दाईंजवळ बसे, आणि आम्हांला वाटे की ती भांडी मोजते आहे. एके दिवशी आम्ही चार मुले ओसरीवर बसून, तिच्यासमोरच, तिला कळणार नाही अशा खात्रीने छत्तीसगढीत एक बेत आखीत होतो. बेत लोणच्याच्या बरणीविषयी होता. आमचे बोलणे संपल्यावर काकूने आमच्याहून शुद्ध छत्तीसगढीत त्या बरणीची नवी जागा आम्हांला सांगितली. जागा आजीच्या उशाशी होती. मग काकू उठली आणि दंडाचा श्लोक न सांगता म्हणून मोकळी झाली.

दाईंविषयी थोडे सांगावयास हवे. त्या मला ‘नोनी’ म्हणत. तिकडे लहान मुलीला लाडाने तसेच म्हणतात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याशी खातात, त्याला बासी म्हणतात. आजीच्या लेखी ते शिळे अन्न होते, आणि आमच्या लेखी उन्हाळ्यातले अमृत. दाईंच्या पितळी वाटीत आमच्यासाठी दोन घास ठेवलेले असत. स्वयंपाकघराचा उंबरा मात्र त्या कधी ओलांडीत नसत. त्यांना कोणी तसे बजावलेले मी ऐकले नाही. बजावण्याची गरज नसावी इतके ते जुने होते. आम्हां मुलांना बाहेर मोकळीक होती. दाईंना आत ती नव्हती. आजीच्या कायद्याची ही दुसरी बाजू मला फार उशिरा दिसली.

आणि तरीही शब्द आत-बाहेर जातच होते. एकदा दादा दंडाचा श्लोक म्हणता म्हणता तिसऱ्या चरणाशी अडखळला. आजी माळ थांबवून वाट पाहत होती. तेवढ्यात विहिरीवरून, भांड्यांच्या आवाजातून, दाईंनी तो चरण जसाच्या तसा पुढे म्हटला. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु वर्षानुवर्षे आमचे दंड ऐकून ऐकून त्यांचेही पाठांतर झाले होते. आजी काही बोलली नाही. आजोबा मात्र ओसरीवरून हसून म्हणाले, ‘माधवराव सप्र्यांनी दासबोध हिंदीत नेला. आपल्या नातवंडांनी मनाचे श्लोक विहिरीपर्यंत नेले. एकूण काम तेच.’ सप्रे हे आजोबांचे दैवत होते. मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. दोन भाषांत राहणे म्हणजे दोन ठिकाणी अर्धे राहणे नव्हे, याला आजोबांच्या मते सप्र्यांएवढा पुरावा पुरेसा होता.

सणांच्या दिवसांत तर आजीचा कायदा फारच ताणला जाई. हरेलीला, म्हणजे आषाढी अमावास्येला, मुले बांबूच्या गेडीवर चढून चालतात. आम्ही त्या गेड्यांनी तिच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणाला चाळणीसारखी भोके पाडीत असू. पोळा दोन्हीकडचा. आई पुरणपोळी करी आणि दाई आमच्यासाठी मातीचे चाकांचे बैल आणीत. परंतु खरा प्रसंग पौष पौर्णिमेचा. त्या दिवशी छेरछेरा असतो. मुले टोळीने दारोदार जाऊन नव्या पिकाचे धान मागतात, आणि कोणीही त्यांना रिकामे पाठवीत नाही. आपली नातवंडे झोळ्या घेऊन दारोदार मागत फिरताहेत, ही बातमी आजीला देवपूजेच्या वेळी मिळाली. तिने टाळ खाली ठेवला. आजोबांनी शांतपणे विचारले, ‘यांच्या मुंजीत आपण भिक्षावळ घालतो, तेव्हा तुला लाज वाटते का?’ आजीपाशी उत्तर नव्हते. आम्ही झोळ्या ओतल्या तेव्हा तिने धान सुपात घेऊन पाखडले व मुकाट्याने मापून ठेवले. मागितलेले धान वाया जाऊ देणे तिच्या कोणत्याच कायद्यात बसत नव्हते.

मग १९५६ साल उजाडले. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आदल्या वर्षी आला होता, आणि ओसरीवर रोज नकाशे काढले जात होते. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहणार, हे ठरले. नागपूर परके झाले. राजधानी भोपाळला गेली. सुमारे तीनशे किलोमीटरवरचे नागपूर आम्हांला शेजारचे वाटे, कारण तिथे आत्या होती, मावशी होती, कचेरीचे कागद तिथून येत. बाबा सरकारी नोकरीत. नागपूरकडे बदली मागावी की इथेच राहावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. ‘मुलांचे मराठी इथे टिकणार नाही,’ असे ते म्हणू लागले. आजी गप्प असे. तिच्या कायद्याला जणू बाबांनी सरकारी पाठिंबा दिला होता. अखेर घर विकण्याचे बोलणे निघाले.

घेणारे गृहस्थ धमतरीकडचे. अडीच फुटी रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाडीने ते आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले, आणि दिवेलागणीला घर पाहावयास उभे राहिले. दादाने चार दिवसांपासून तयारी केली होती. विहिरीच्या कप्पीला काळा दोरा बांधून तो चिंचेवरून माळ्याच्या झरोक्यापर्यंत नेला होता. मंडळी परसात आली, आणि विहिरीजवळ कोणीही नसताना कप्पी कुरकुरली. एकदा, दोनदा, तीनदा. मी ठरल्याप्रमाणे पाहुण्यांच्या आईला हळूच सांगितले की काही नाही, परेतिन पाणी काढते आहे. ती रोज याच वेळी काढते.

परेतिन म्हणजे हडळ. ते गृहस्थ हसले. त्यांची आई मात्र हसली नाही. मुलांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी ती नव्हती. ती सरळ आजीकडे वळली आणि तिने छत्तीसगढीत विचारले की या घरात खरेच परेतिन आहे का. 

आजी आयुष्यात कधी खोटे बोलली नव्हती. चाळीस वर्षे तिने छत्तीसगढी ऐकली होती. तिचा एक शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. माळ्यावर दादाच्या हातातला दोरा थांबला. आजीने विहिरीकडे पाहिले, चिंचेकडे पाहिले, आणि म्हणाली, ‘हव.’

‘हव’ म्हणजे हो. एवढाच शब्द. पाहुणे चहा घेऊन गेले आणि पुन्हा त्यांचे पत्र आले नाही. आजोबा आजीकडे नुसते पाहत राहिले. आम्हांला त्या रात्री कोणी रागावले नाही, हीच मोठी शिक्षा वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा आजी देवापुढे बसून मोठ्याने मनाचा श्लोक म्हणत होती. एक श्लोक म्हणून ती उठली व कामाला लागली. एका शब्दाला एक श्लोक.

बाबांनी बदली मागितली नाही. आम्ही रायपुरातच वाढलो, शिकलो, आणि आमचे मराठी टिकले. त्यात रताळ्याला कांदा म्हणण्याची खोड शिल्लक राहिली. तिचा मला अभिमान आहे. त्यानंतर पुष्कळ घडले. बरोबर चव्वेचाळीस वर्षांनी, २००० साली, पुन्हा १ नोव्हेंबरलाच छत्तीसगढ हे वेगळे राज्य झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी बनले. २००७ साली तिथल्या विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान दिले. जिच्या एका शब्दाला आमच्या घरी दंड पडत होता, ती भाषा आता सरकारदरबारी बसली आहे. ती बातमी वाचली तेव्हा मला सरकार आठवले नाही, दाई आठवल्या. त्यांच्याच बोलीतून तो एक शब्द आजीच्या कानी इतकी वर्षे पडत आला होता.

घर आज नाही. भावंडे पांगली, भिंती उतरल्या, आणि त्या जागी चार मजली इमारत उभी आहे. विहिरीवर फरशी पडली आहे. परंतु दादा आणि मी अजूनही फोनवर बोलतो तेव्हा बोलणे मराठीत सुरू होते, मध्येच छत्तीसगढीत शिरते, आणि मग दोघांपैकी कोणी तरी थांबून म्हणते, ‘श्लोक!’ आता त्याचे वय ऐंशीच्या पुढे आहे. तिसऱ्या चरणाशी तो आजही अडखळतो.