पाळण्यात टाकलं की रडतंय

आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या बायका बोलतोय. आमचा बचत गट महिन्यातनं दोनदा जमतो. हिशेबाला अर्धा तास पुरतो आणि पुढचा तासभर बोलण्यात जातो, हे तुमच्याकडंही असंच असणार. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्या बोलण्यात एकच विषय होता. आमच्यातल्या एकीच्या सुनेचं तान्हं पाळण्यात झोपत नव्हतं.

पाळणा चांगला सागवानी, आजेसासूच्या वेळचा, जुन्या घराच्या तुळईला कडी लावून टांगलेला. बारशाला त्यात घातलं तेव्हाच बाळानं घर डोक्यावर घेतलं. पेठेत फुटबॉलची मॅच जिंकली की फटाके आणि गाड्यांचे हॉर्न काय असतात ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या आवाजात हे पोरगं आईच्या खांद्यावर गाढ झोपायचं. आणि हळूच पाळण्यात टेकवलं, की दोन मिनिटांत हात फेकून दचकायचं आणि रडायला लागायचं.

आम्ही त्या पोरीला काय काय सांगितलं ते आता आठवलं की लाज वाटते. एक म्हणाली, तूच अंगाची सवय लावलीस. दुसरी म्हणाली, दृष्ट लागलीय, मीठ-मोहरी उतर. तिसरी म्हणाली, रडू दे, दमलं की झोपतंय. ती बिचारी सगळं करायची. पाचव्या आठवड्यात एका रात्री तिनं सासूला उठवलं आणि म्हणाली, "आत्ती, ह्याला घ्या तुमच्याकडं. न्हाईतर माझ्या हातनं कायतरी हुईल." सासूनं बाळ घेतलं आणि सुनेला आतल्या खोलीत निजवलं. सकाळी आमच्या दारात येऊन बसली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

त्याच्या आदल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती, तीही सांगतो. आमच्यातल्याच एकीनं घरातलं सर्दीचं औषध आणून दिलं. "चार थेंब दे, माझी नातवंडं त्याच्यावरच झोपली." बाळ झोपलं ते सात तास. दूध प्यायला उठेना, तळव्याला टिचक्या मारल्या तरी डोळा उघडेना. रिक्षातनं दवाखान्यात नेलं. वाचलं. पण ते सात तास त्या घरात कोणी विसरलेलं नाही.

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी मग बाळगोळीची गोष्ट काढली. त्यांची आजी मुंबईत गिरणीत कामाला होती. कामावर जाताना बाळ घरी गप्प पडून राहावं म्हणून बायका त्याला अफूची गोळी द्यायच्या. तिलाच बाळगोळी म्हणायचे. ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची सरकारसाठी पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते असं त्यांनी लिहिलं. त्या आया वाईट नव्हत्या. दिवसभर साच्यावर उभं राहायचं, बाळ ठेवायला जागा नाही, मदतीला माणूस नाही. गोळी गेली, पण आमच्या घरात तिची जागा सर्दीच्या बाटलीनं घेतली होती. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं बाटलीवर छापायला लावलं. आमचं बाळ तर चार आठवड्यांचं होतं.

जायफळाचंही तेच. घुटीत दोन वेढे जास्त उगाळले की बाळ गुंगतं, म्हणून आपण खूश होतो. जायफळ जास्त झालं की ते विषासारखं चढतं. आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही.

मग बाळ पाळण्यात का झोपत नाही? आम्ही आशाताईंना आणि नंतर बालरोगाच्या डॉक्टरांना विचारलं. उत्तर ऐकून वाटलं, हे आपल्याला सुचायला हवं होतं. नऊ महिने ते पोटात गुंडाळलेलं, उबेत, सारखं हलत, आईच्या काळजाचे ठोके ऐकत होतं. पाळण्यात टाकलं की पाठीला गार लागतं, भोवती काही लागत नाही, पडल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप फेकले जातात. हे दचकणं चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत कमी होत जातं. शिवाय तान्हं झोपलं की आधी त्याची झोप कच्ची असते. पापण्या हलतात, ओठ हसतात. आपल्याला वाटतं झोपलं, म्हणून आपण घाई करतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. हात उचलून सोडला आणि तो चिंधीसारखा लोंबला, की झोप पक्की झाली.

ठेवायची रीतही आम्ही नव्यानं शिकलो. आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, शेवटी डोकं. लगेच हात काढायचा नाही, छातीवर तळवा तसाच ठेवायचा. अंथरूण गार असेल तर आधी आपण त्यावर दहा मिनिटं पडून ते ऊबदार करायचं. सुती कापडात हात गुंडाळले तर दचकणं कमी होतं, पण पाय मोकळे हवेत, आणि बाळ कूस बदलायला लागलं की गुंडाळणं बंद. दिवसा खिडक्या उघड्या, घरातली भांडी वाजू द्यायची. रात्री मंद दिवा, बोलणं कमी, दूध पाजून ढेकर काढली की परत अंथरुणावर. दिवस-रात्र त्याला हळूहळू कळते. आणि नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, म्हणजे रात्री उठणं ही सवय नसून भूक आहे. संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. हे एवढं आधी कोणी सांगितलं असतं, तरी त्या पोरीला निम्मी झोप आली असती.

आता झोळीचं. झोळीला आम्ही नावं ठेवणार नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडनं ऊसतोडीला येणाऱ्या बायका बैलगाडीला नाहीतर झाडाला साडी बांधून लेकरू ठेवतात, त्यांना दुसरा इलाज काय? पण झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. तान्ह्याला मान उचलता येत नाही. म्हणून झोळी आपल्या डोळ्यांसमोर, थोड्या वेळासाठी. थोरल्या भावंडाच्या हाती झोका देऊन विहिरीवर जायचं नाही. रात्रभराची झोप सपाट, घट्ट अंथरुणावर आणि उताणी. मोहरीची उशी, मऊ दुलई, खेळणी बाळाजवळ नकोत. डोकं चपटं होईल ही भीती आम्हालाही होती. त्याला उपाय म्हणजे झोपवताना रोज मान वेगळ्या बाजूला वळवायची आणि जागेपणी आपल्या समोर पालथं घालून खेळवायचं.

आपल्याकडं बाळ आईच्या कुशीतच झोपतं, ते आम्हाला माहीत आहे, आणि डॉक्टरही आमच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं: वेगळं अंथरूण पण हाताच्या अंतरावर, हे सगळ्यात बरं. घरात कोणी पिऊन आलं असेल, विडी-सिगरेट ओढत असेल, किंवा बाळ दिवसांआधी, कमी वजनाचं जन्मलं असेल, तर एका अंथरुणात नकोच. आणि सोफ्यावर बाळ अंगावर घेऊन डुलकी कधीच नको. आमच्या सुनेला नेमकी तिथंच डुलकी लागायची.

रडणं नेहमी झोपेचंच असतं असंही नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, ओढून पिईना, फार सुस्त पडलं, श्वास जोरात चालला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटके आले, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेचंही सांगा. आमच्या सुनेनं सांगितलं नव्हतं. बाळ गुटगुटीत आहे ना, मग झालं, असं आम्हीच म्हणत होतो. हसू येत नाही, भूक नाही, बाळ नकोसं वाटतं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तो आजार असतो आणि त्याला औषध असतं. तिला डॉक्टरकडं नेलं तेव्हा नवरा बरोबर गेला, हे आम्हाला फार बरं वाटलं.

मग गटात आम्ही वाटणी केली. दोन महिने रोज दुपारी आमच्यातली एक जण तिच्याकडं दीड तास जायची, बाळ अंगावर घ्यायची, आणि ती दार लावून झोपायची. कर्जाच्या हप्त्यासारखी वहीत नावं लिहिली होती. एकदाच चुकलं, यात्रेमुळं. रात्रीचं दोन वाजताचं पाजून झालं की ढेकर काढायचं काम बापाकडं. पहिले चार दिवस त्याला जमलं नाही, मग जमलं.

बाळ आता आठ महिन्यांचं आहे. जमिनीवरच्या गादीवर झोपतं, रात्री एकदा उठतं. पाळणा अजून तुळईला टांगलेला आहे. त्यात धुतलेले कपडे पडलेले असतात, आणि आत्ती आल्यागेल्याला सांगतात, राहू दे, पुढच्याला उपयोगी पडंल.