केज ते हर की दून

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कौटुंबिक मेळाव्यात झालेलं भाषण. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "सर, तुमच्या हिमालयाच्या ट्रेकवर बोला, पण वीस मिनिटांत आवरा." पस्तीस वर्षं शाळेत तासाच्या घंटेवर बोललोय, त्यामुळे आवरतो. बर्फाचे फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर बघितलेच आहेत, ते परत दाखवत नाही.

रिटायर झालो त्या वर्षी आम्ही सहाजण हर की दूनला गेलो. उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात ही दरी आहे. डेहराडूनहून पुरोला, मोरी करत एक दिवस गाडीनं सांक्री गाव गाठायचं आणि तिथून पायी. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. हर की दून साडेतीन हजार मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी थोडं उरतं. समोर स्वर्गारोहिणी शिखर दिसतं. पांडव तिथून स्वर्गाला गेले अशी श्रद्धा आहे. मला तर दुसऱ्याच दिवशी वाटलं, आपण पण चाललो.

निघालो तेव्हा नुकताच दसरा झाला होता. आता दसऱ्यानंतर केजच्या चौकात काय चित्र असतं ते तुम्हाला सांगायला नको. ट्रक, ट्रॅक्टर भरत होते. भांडी, कोयते, शेरडं, चुलीचं सामान, वर बसलेली पोरं. ते ऊस तोडायला चालले होते आणि आम्ही पाठीला बॅगा लावून मजेला. एका म्हाताऱ्यानं ट्रकमधून विचारलं, "कोणत्या कारखान्याला?" आम्ही हसलो. नंतर ते हसणं मला जरा टोचलं. ते का, हे सांगतो.

सांक्रीच्या पुढं तेव्हा गाडीरस्ता जिथं संपायचा त्या गावाचं नाव तालुका. खरंच, गावाचं नावच तालुका. मी गाईडला म्हणलं, "आम्हीपण तालुक्याचेच." त्याला काही कळलं नाही. तिथून सुपिन नदीच्या काठाकाठानं चालत गंगाड आणि मग ओसला. नदी एवढी वाहते की कानात दुसरं काही शिरत नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस आठवले. आमच्यातल्या एकानं तर बाटली भरून घेतल्यावर नळ बंद करावा तसा हात केला!

ओसला गावाबद्दल जास्त बोलतो, कारण मला बर्फापेक्षा ते गाव आवडलं. घरं देवदाराच्या लाकडाची आणि दगडाची. भिंतीत एक थर लाकडाच्या तुळया, वर एक थर दगड, परत तुळया. कोपऱ्याला तुळया एकमेकींत अडकवलेल्या. खाली गुरं, वर माणसं. मला वाटलं थंडीसाठी असेल. गाईड म्हणाला, थंडीसाठी आहेच, पण भूकंपासाठीपण. २० ऑक्टोबर १९९१ ला पहाटे उत्तरकाशीचा मोठा भूकंप झाला, त्यात या पद्धतीची कितीतरी जुनी घरं उभी राहिली. घर हलतं, पण सुटत नाही.

आणि आपल्याकडं? ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटेचे चार वाजायला आलेले. आपण केजमध्ये अंगणात पळालो होतो, पण किल्लारीकडं तेवढी सवड मिळाली नाही. दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीचा प्लॅन चालू होता तेव्हा खर्च वाढतोय म्हणून कुरकुर करणाऱ्यांत मीपण होतो. तेव्हाचे चेअरमन एवढंच म्हणाले, "किल्लारी आठवा." मग कॉलम-बीमचा विषय कुणी काढला नाही. त्या लाकडी गावांना आगीची भीती मात्र फार. एक घर पेटलं तर आळी जाते. कशाची ना कशाची भीती सगळ्यांनाच.

गावात लाकडी देऊळ आहे. बाहेरचे लोक त्याला दुर्योधनाचं देऊळ म्हणतात, गावकरी सोमेश्वर म्हणतात. मी गावकऱ्यांचं धरतो, देव त्यांचा आहे. ऑक्टोबरमध्ये वरच्या कुरणांतून मेंढरं खाली येत होती. शेतात राजगिरा लालभडक उभा, राजमा काढून वाळत घातलेला, बटाट्याचे ढीग. आता गंमत बघा. बटाटा मुळात तिथला नाहीच, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. राजमा आणि राजगिराही अमेरिका खंडातूनच आले. आपल्या एकादशीचं अर्धं ताट सातासमुद्रापलीकडचं आहे. महिला मंडळानं उपवास मोडू नये, मी फक्त माहिती दिली.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशीच माझ्या गुडघ्यानं हात टेकले. बॅग बारा किलोची. गाईड म्हणाला, ओसल्याचा एक पोरगा आहे, तो उचलेल, रोजचे हजार रुपये. मी काय केलं? घासाघीस केली. "आठशे देतो. दोन दिवस सलग काम देतोय ना." पोरगा वीसेक वर्षांचा, काही बोलला नाही, मान हलवली. त्यानं माझी बारा किलोची बॅग आणि आमच्यातल्याच दुसऱ्याची तेवढीच, दोन्ही एकत्र दोरीनं बांधल्या आणि चढ चढायला लागला. मी मोकळ्या हातानं त्याच्या मागं, दर दहा पावलांना थांबत.

संध्याकाळी शेकोटीजवळ त्यानं सांगितलं, ट्रेकचा हंगाम वर्षातले थोडेच महिने. बर्फ पडलं की खाली डेहराडूनला हॉटेलात कामाला. आई मेंढरं बघते. हंगाम, गाव सोडणं, परत येणं... ऐकताना मला आमचं घर दिसायला लागलं.

माझे आई-वडील कोयत्याला जायचे, हे इथं बऱ्याच जणांना माहीत नाही. पंचवीस वर्षांत मी कधी सांगितलं नाही. चौथीपर्यंत मीपण त्यांच्यासोबत जायचो, मग आजीनं मला गावात ठेवून घेतलं म्हणून शिकलो. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसऱ्याला निघायचं, पट्टा पडला की परत यायचं. दोघं मिळून एक कोयता. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, फळी वाकायची, मी खाली उभा राहून बघायचो. आणि उचल ठरताना मुकादम काय म्हणायचा? "अरे, सहा महिने सलग काम देतोय ना." शब्दसुद्धा तेच. मी तेच बोललो होतो. त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती काही उंचीमुळं नव्हे.

परत आल्यावर मी जरा वाचलं. त्या बटाट्याच्या देशात, पेरूमध्ये, माचू पिच्चूकडं जाणारी इंका वाट आहे. तिथले हमाल म्हणजे आसपासच्या डोंगरातले क्वेचुआ बोलणारे शेतकरी. त्यांच्यासाठी २००१ साली कायदा झाला, पाठीवर २० किलोपेक्षा जास्त ओझं नको. वाटेच्या तोंडाशी वजनकाटा आहे, ओझं तोलून मगच पुढं सोडतात. काटा आपल्या लोकांनीपण आयुष्यभर बघितला, पण तो उसाचा. मोळी घेऊन चढणाऱ्या बाईच्या डोक्यावर किती किलो आहे, हे तोलायला कुणी काटा लावला नाही.

पैशाचं सांगतो. परत सांक्रीला आल्यावर मी त्या पोराला हजारानं पूर्ण रक्कम दिली. त्यानं न मोजता खिशात घातली. माझ्या मोठेपणाचं कौतुक करू नका, ठरलेले दर आधी मीच पाडले होते.

घरी आल्यावर वडिलांना फोटो दाखवले. वय ब्याऐंशी, नजर कमी झाली आहे. शिखर दाखवलं, दरी दाखवली, ते हं हं करत राहिले. मग त्या पोराच्या फोटोवर थांबले. म्हणाले, "वझं किती होतं ह्याच्या पाठीवर?" मी म्हणलं, चोवीस किलो. "आन् तुज्या?" मी काही बोललो नाही. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

यंदा सोसायटीतून कुणी जाणार असेल तर माझ्याकडं नाव द्या, माहिती देतो. दोन महिने आधी रोज चालायला लागा. उंचीवर हळू चढा, पाणी पीत राहा, डोकं दुखायला लागलं तर गाईडला लगेच सांगा, लपवू नका. बॅग आठ किलोच्या वर भरू नका, आणि दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचीच असेल तर घरच्या काट्यावर आधी तोलून घ्या. तिथला राजमा जरूर आणा, पण रात्रभर भिजवा. आमच्याकडं न भिजवता पाच शिट्ट्या केल्या, तो काही शिजला नाही.

वीस मिनिटं झाली वाटतं. थांबतो.