तुकड्यांचा टीव्ही

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी वक्ता नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या विद्युत शाखेत लागलो. सरकारी इमारतींचे दिवे-पंखे बघण्यात वीस वर्षे गेली. मंडळाचा माइक खरखरला की मला हाक येते, तेवढीच माझी इथली ओळख. सचिव म्हणाले, "हल्ली घरासाठी तुकडे जोडून मोठा टीव्ही करून देतात, त्याबद्दल बरेच जण विचारताहेत. तू बोल." म्हणून उभा आहे.

आधी घरची गोष्ट सांगतो. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या ४३ इंची टीव्हीला स्टुलाचा पाय लागला. काच फुटलेली दिसत नव्हती, पण शाईची दौत सांडावी तसे डावीकडून चित्र काळे झाले. आवाज मात्र चालू. आमचे नाना ८१ वर्षांचे. आई गेल्यापासून सकाळची आरती, दुपारचे जुने सिनेमे आणि रात्रीच्या बातम्या असा त्यांचा दिवस त्या टीव्हीवर चालतो. मेकॅनिकने पाहिले आणि म्हणाला, "साहेब, पॅनेल गेलं." टीव्ही घेतला होता २६ हजारांना, पॅनेल १९ हजारांचे. पॉवर सप्लाय चांगला, मदरबोर्ड चांगला, स्पीकर चांगले, आणि तरी टीव्ही भंगार. निर्णय होईपर्यंत नाना आठ दिवस नुसता आवाज ऐकत बसले. कोणी आले की सांगायचे, "रेडिओ घेतलाय, जरा मोठा."

त्याआधी दोनच महिने आपला गणेशोत्सव झाला होता. आठवत असेल, मुलींचे नृत्य चालू असताना मागच्या भाड्याच्या एलईडी वॉलवर एक चौकोन काळा पडला. वॉलवाल्यांचा मुलगा, विशीचाही नसेल, पडद्यामागे गेला, तो तुकडा काढला, पेटीतला दुसरा बसवला. तीन मिनिटे लागली असतील. मी तिथेच उभा होतो. नानांचा टीव्ही भंगारात काढताना मला तोच चौकोन आठवत होता. स्टेजवर जे होते ते घरात का होऊ नये?

फरक बनावटीत आहे. घरच्या एलसीडी टीव्हीत काचेच्या दोन तावांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर सीलबंद असतो आणि मागून दिव्यांचा उजेड येतो. सगळी काच एकसंध, तिच्या तारा कडेला चिकटवलेल्या. तिला ठिगळ लागत नाही. स्टेजवरची वॉल म्हणजे अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर उंच अशा पेट्या. प्रत्येकीत चार मॉड्यूल. आपल्याकडे होती ती ३.९१ मिलिमीटरची, म्हणजे दोन ठिपक्यांमधले अंतर तेवढे. एका मॉड्यूलवर आडवे ६४ आणि उभे ६४, म्हणजे ४,०९६ ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे. मागून उजेड नाही. दिवे हेच चित्र.

त्यातला निळा दिवा मिळायला फार वेळ लागला. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या बघायला आम्ही पहाटेपर्यंत जागायचो. त्या बल्बच्या माळांत निळे बल्ब भरपूर असत, पण तो रंग काचेला लावलेला. एलईडीत रंग आतून यावा लागतो. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये चांगला प्रखर निळा एलईडी आणला, आणि आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तो नसता तर आपली स्टेजवरची वॉलही नसती.

हेच दिवे फार बारीक केले की तो पडदा घरात आणता येतो. सोनीने २०१२ मध्ये ५५ इंची नमुना दाखवला होता. जानेवारी २०१८ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात सॅमसंगने १४६ इंची 'द वॉल' मांडली. बिनचौकटीचे तुकडे, सांधा दिसत नाही, पाहिजे तेवढे जोडा. यंदा छोटा घ्या, पुढच्या वर्षी बोनस मिळाला की वाढवा, अशी कल्पना. ऐकायला फार गोड वाटते.

आता किंमत. ऑगस्ट २०२३ मध्ये याच जातीचा ११० इंची टीव्ही भारतात आला तो सुमारे १ कोटी १५ लाखांना. तेवढ्यात इंदूरमध्ये काय काय येते, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. आणि तो कारखान्यातूनच पूर्ण तयार येतो, घरी तुकडे वाढवायची सोय त्यात नाही. महाग का? ४के चित्रात ८२,९४,४०० ठिपके. तिप्पट केले की जवळजवळ अडीच कोटी दिवे. इतके सगळे उचलून जागच्या जागी बसवायचे. दहा लाखांत एकच खराब निघाला तरी एका पडद्यावर पंचवीस डाग.

मग बाजारात घरासाठी म्हणून जे स्वस्तात लावून देतात ते काय असते? स्टेजवरच्या वॉलचेच भावंड. आमच्या नात्यातल्या एका घरी इंटिरियरवाल्याने ते लावले. रक्कम सांगत नाही, कारण ते दोघे इथेच बसले आहेत आणि परवानगी फक्त पॅनेलबद्दल बोलायची आहे. अडीच मिलिमीटरची मॉड्यूल, एकेक ३२० बाय १६० मिलिमीटरचे, आडवी दहा आणि उभी अकरा, एकूण ११०. साडेदहा फुटांची भिंत भरून गेली. पण ठिपके मोजा: आडवे १,२८०, उभे ७०४. साध्या फुल एचडी टीव्हीत १,९२० आणि १,०८० असतात. म्हणजे भिंत मोठी, चित्र गरीब. ढोबळ नियम असा की जितके मिलिमीटर तितके मीटर तरी लांब बसावे. त्यांचा सोफा सात फुटांवर. पहिल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावर रांगोळीचे ठिपके दिसतात!" मी क्लॅम्प मीटर लावला, पूर्ण पांढऱ्या चित्राला सात अँपिअर. म्हणजे दीड किलोवॅटच्या वर, इस्त्री चालूच ठेवल्यासारखे. त्याला स्वतंत्र एमसीबी नव्हता आणि लोखंडी फ्रेमला अर्थिंगही नव्हते. हे मात्र मी त्याच दिवशी करून घेतले. त्यावर चर्चा केली नाही.

आठ महिन्यांनी मधल्या एका मॉड्यूलवर रेघ आली. मला आनंदच झाला, म्हटले आता तुकड्याचा फायदा दिसेल. इंटिरियरवाल्याने नवा तुकडा आणून बसवला, आणि तो गुलाबी! तसा चालू होता, पण पांढरे चित्र आले की तेवढाच चौकोन गुलाबी दिसे. कारखान्यात एलईडी रंग आणि उजेडाप्रमाणे निवडून वेगवेगळ्या गटांत ठेवतात, आणि एका खेपेतला गट दुसऱ्या खेपेत जुळतोच असे नाही. पांढऱ्या सदऱ्याला दुसऱ्या थानाचे ठिगळ लावल्यासारखे. शेवटी मी गुलाबी तुकडा खाली उजव्या कोपऱ्यात नेला, पुढे कुंडी ठेवली, आणि कोपऱ्यातला जुना तुकडा मध्ये बसवला. स्टेजवाल्या मुलाकडे पेटीत त्याच खेपेचे सुटे तुकडे होते, म्हणून त्याचे काम तीन मिनिटांत झाले.

तेव्हा कोणाला लावायचेच असेल तर शंभरामागे पाच सुटी मॉड्यूल त्याच खेपेची आधी घ्या, आणि बिलावर तसे लिहून घ्या. खोली खोल नसेल तर लावूच नका. साधा टीव्ही घेणाऱ्यांनी दुकानात पॅनेलची वॉरंटी किती आणि वॉरंटीनंतर पॅनेल कितीला, हे दोन प्रश्न विचारावेत. दुकानदार तोंड वाकडे करतो, करू द्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आहे, तिथे दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी द्यावी अशी अपेक्षा आहे. घ्यायच्या आधी एकदा बघा. आणि मेलेला टीव्ही कबाड्याला देऊ नका, ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या.

नानांसाठी शेवटी पुन्हा ४३ इंचीच घेतला, एकसंध काचेचा. भिंतीवर, स्टुलाच्या पायाच्या वर. जुन्याचे स्पीकर मी काढून ठेवले आहेत.

वहिनींच्या भिंतीवरचे खराब मॉड्यूल टेबलावर ठेवले आहे. भाषण संपल्यावर हातात घेऊन बघा, मुलांना मागची बाजूही दाखवा. पट्टी केबल कुठून येते आणि पुढच्या तुकड्याकडे कुठून जाते ते दिसेल. फक्त कोपऱ्याला धरू नका, तिथले दिवे नखानेसुद्धा निघतात.