टेकडीवरचा कॅमेरा



मी पत्रकार नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कोड लिहितो आणि युद्ध बघतो ते तुमच्यासारखंच, मोबाईलवर. तरी आज सेबास्टियन युंगर या अमेरिकन युद्धपत्रकाराबद्दल बोलणार आहे, कारण त्यांच्या एका माहितीपटाने मला आधी खूप चिडवलं होतं.

हे गृहस्थ आडवाटेने पत्रकारितेत आले. शिक्षण मानववंशशास्त्राचं, पोटासाठी झाडांवर चढून फांद्या तोडायचं काम. एकदा यंत्राची करवत पायाला लागली आणि जिवावरची कामं करणाऱ्या माणसांवर लिहावं, असं त्यांच्या मनात आलं. १९९३ मध्ये ते नोकरी नसताना वेढ्यातल्या साराजेव्होला गेले. १९९७ मध्ये वादळात बुडालेल्या मासेमारी बोटीवरच्या ‘द परफेक्ट स्टॉर्म’ने नाव झालं. पण ओढ युद्धाचीच राहिली.

२००७-०८ मध्ये ते आणि ब्रिटिश छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन अफगाणिस्तानच्या कोरेंगल खोऱ्यात अमेरिकन तुकडीबरोबर पुनःपुन्हा जाऊन राहिले. त्यातून २०१० मध्ये ‘रेस्ट्रेपो’ हा माहितीपट आला. त्यात निवेदक नाही, सेनापती नाही, मंत्री नाही. कॅमेरा टेकडीवरच्या चौकीत, सैनिकांच्या शेजारी. मी मात्र बघताना खाली, गावात उभा होतो. नावं आपली, दाढ्या आपल्या, आणि दिसतात दुरून. एका प्रसंगात सैनिकांनी मारलेल्या गायीची भरपाई मागायला गावातले वडीलधारे येतात. पैसे नाहीत, गायीच्या वजनाइतकं धान्य देऊ, असं त्यांना सांगितलं जातं. माझा संताप झाला, लॅपटॉप बंद केला.

काही महिन्यांनी पुन्हा पाहिला. तेव्हा लक्षात आलं की तो प्रसंग आपल्याला दिसला, कारण या दोघांनी तो कापून टाकला नाही. कॅमेरा कुठे उभा आहे हे ते लपवत नाहीत. खोऱ्याची बाजू मात्र अपुरी राहिली, हे माझं मत आजही कायम आहे. कोरेंगलचे लोक लाकडाच्या व्यापारावर जगायचे. अमेरिकनांचा मुख्य तळ एका जुन्या लाकूड गिरणीच्या जागेवर होता. एकेकाळी झाडं तोडून पोट भरणाऱ्या माणसाने या लाकूडतोड्यांबरोबरही वर्षभर राहायला हवं होतं, असं मला वाटतं. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी सैन्य ते खोरं सोडून गेलं.

खालून दिसणारं युद्ध पाहायचं असेल, तर वाद अल-कातिब यांचा ‘फॉर समा’ पाहा. अलेप्पोतल्या रुग्णालयात, तान्ही मुलगी कडेवर घेऊन केलेलं चित्रीकरण आहे ते.

२० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिसराता शहरात तोफगोळ्याचा तुकडा लागून टिम गेले. पिकअप गाडीतून नेताना रक्त वाहत राहिलं. वय ४० होतं. युंगरही त्यांच्याबरोबर जाणार होते, ऐनवेळी राहिलं. रक्तस्राव थांबवणं कुणाला येत असतं तर टिम कदाचित वाचले असते, हे त्यांना नंतर कळलं. आमच्या कामात सिस्टीम पडली की आम्ही कारण शोधून काढतो. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून नाही, तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून. युंगरनी तेच केलं. २०१२ पासून ‘रिस्क’ ही त्यांची संस्था फ्रीलान्स पत्रकारांना प्रथमोपचार मोफत शिकवू लागली, कारण त्यांच्यामागे ना कंपनी असते ना विमा. स्वतः मात्र त्यांनी आघाडीवर जाणं सोडलं.

जून २०२० मध्ये घरी असताना युंगर यांच्या पोटातली धमनी फुटली. कुठलंही युद्ध नाही, आणि मरण मात्र टिमसारखंच यायला निघालं होतं. डॉक्टरांनी वाचवलं, दहा युनिट रक्त चढवून. त्यावर त्यांनी २०२४ मध्ये पुस्तक लिहिलं. ज्यांचं रक्त चढलं त्या अनोळखी माणसांबद्दल ते आता ठिकठिकाणी बोलतात.

हे वाचल्यावर मी पहिल्यांदा रक्त दिलं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. आधी का दिलं नव्हतं? सुईची भीती, दुसरं काही नाही.