केरे, कळशी आणि आपले बंगळूर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“आपल्या गावाविषयी चार शब्द बोला,” असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. १९६९ साली लग्न होऊन मल्लेश्वरमच्या घरात आले, तेव्हापासून हे माझे गाव, एवढाच माझा अधिकार. पण मग वाटले, गावाचा इतिहास जसा किल्ल्यात असतो तसा बायकांच्या कळशीतही असतो. तेव्हा आज बंगळूरची गोष्ट मी कळशीकडूनच सांगणार आहे.

आपल्या गावाला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच अशा पठारावर ते वसले आहे. अशा जागी गाव वसवायचे तर आधी पावसाचे पाणी अडवायला हवे. केंपेगौडांनी १५३७ साली मातीचा किल्ला बांधून पेठ वसवली, आणि केंपांबुधी, धर्मांबुधी यांसारखी तळीही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहेत. तळ्याला कानडीत केरे म्हणतात. वरचे केरे भरले की जादा पाणी खालच्या केऱ्यात उतरावे, अशी ही माळ. त्या पाण्यावर बागा पिकल्या आणि पेठा भरल्या. तांदळाची ती अक्कीपेट, बांगड्यांची ती बळेपेट. नावे आजही तीच आहेत.

आपल्या माणसांचा या गावाशी संबंध जुना. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. बालपणी शिवराय जिजाऊंबरोबर काही काळ इथे राहिल्याचे इतिहासकार सांगतात. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेले. १६८७ च्या सुमारास गाव मोगलांच्या हाती पडले, आणि त्यानंतर थोड्याच काळात तीन लाख रुपयांच्या व्यवहाराने म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे आले. तेव्हा इथे आपण पाहुण्या आहोत असे कुणी म्हटले, तर जरा हसून सोडून द्यावे!

टिपू सुलतान १७९९ साली पडल्यावर इंग्रजांनी १८०९ मध्ये हलसूरच्या तळ्याजवळ छावणी घातली. मग एका गावाची दोन गावे झाली. इकडे पेठ, तिकडे दंडू. दोघांचे कारभार वेगळे, आणि ते एका महानगरपालिकेखाली आले ते थेट १९४९ साली. १८९८ मध्ये प्लेग आला. दाटीवाटीच्या पेठेत माणसे पटापट गेली. तेव्हा मोकळ्या हवेसाठी रुंद रस्ते आखून बसवनगुडी आणि आपले मल्लेश्वरम ही वस्ती उभी राहिली. ज्या रस्त्यावरून आपण भाजी आणतो, तो एका मोठ्या दुःखातून आखलेला आहे.

त्याच सुमारास हेसरघट्टचे पाणी नळाने आले. १९०५ साली शिवसमुद्रम्‌च्या विजेचे दिवे रस्त्यावर लागले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे पाणी आले. पुढे विमानांचा, टेलिफोनचा, घड्याळांचा कारखाना निघाला. १९४१ साली चार लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९५१ मध्ये पावणेआठ लाखांच्या घरात गेली, आणि २०११ च्या गणनेत शहर ८४ लाखांवर पोचले.

एवढी माणसे राहायची कुठे? तळ्यांच्या जागांवर डोळा गेला. धर्मांबुधीवर आज मॅजेस्टिकचा बसस्टँड उभा आहे. संपंगी केऱ्यावर कंठीरव क्रीडांगण झाले, करगा उत्सवासाठी तेवढे लहानसे तळे उरले. नळाला पाणी येते, मग तळे कशाला, असे सर्वांनाच वाटले. १९७४ पासून कावेरीचे पाणी येऊ लागले. ते सुमारे शंभर किलोमीटरवरून येते आणि मोठ्या पंपांनी शेकडो मीटर वर चढवावे लागते. नळ फिरवताना आपल्या मनात ते येत नाही.

सरकारने तळी बुजवली असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बुजवणाऱ्यांत मीही आहे, हे आज कबूल करते. आमच्या घरामागे विहीर होती. मी नवी सून असताना नळ रुसला की सासूबाई मला रहाटावर उभी करीत. पुढे मोटार आली, आणि तिला जागा हवी म्हणून १९९४ साली विहीर बुजवायचे ठरले. सासूबाई तेव्हा थकलेल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, विहीर बुजवू नये. झाकण घाल हवं तर. कधी ना कधी तिची आठवण येईल.” मीच त्यांना समजावले की, अहो आई, आता कावेरी दारात आली आहे. मातीच्या गाड्या रिकाम्या झाल्या, तेव्हा त्या खोलीचे दार लावून बसल्या होत्या.

२०२४ चा उन्हाळा तुम्हा सर्वांना आठवतो. शहरातल्या हजारो कूपनलिका आटल्या, टँकरचे भाव चढले. आमच्या गल्लीत पहाटे पाच वाजता बादल्यांची रांग लागली. त्या रांगेत, वयाची पंचाहत्तरी जवळ आलेली मी उभी होते, आणि पाठीमागे वीस पावलांवर माझी बुजवलेली विहीर होती. सासूबाई असत्या तर काही बोलल्या नसत्या. तेच अधिक लागले असते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, आणि शहराच्या कडेच्या ११० खेड्यांना पाणी देण्याची सोय झाली. चांगलेच झाले. पण नदी एक, मागणारे अनेक. म्हणून भगिनींनो, माझी तीन मागणी आहेत. आपल्या मंडळाच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी गटारात जाते, ते या पावसाळ्याआधी जमिनीत मुरवण्याची सोय करावी. त्या खर्चासाठी या वर्षीची सहल रद्द झाली तरी माझी तक्रार नाही. दुसरे, जिच्या अंगणात जुनी विहीर असेल तिने ती बुजवू नये, गाळ काढून घ्यावा. तिसरे, १८८२ साली बांधलेले आपले सँकी तळे अजून आहे. तिथे फिरायला जाल तेव्हा मुलांना सांगा की हे नुसते शोभेचे नाही.

माझ्या घरी मी सुरुवात केली आहे. मोटारीची फरशी एका कोपऱ्यात उखडली आणि शोषखड्डा खणला. सुनेने विचारले, “आई, एवढ्याने काय होणार?” मी म्हटले, “विहीर परत येणार नाही गं. पण तुला माझ्यासारखे भाषण करावे लागू नये.”