पोराला पळू द्या

मंडळी, मागल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर एक मावशी मागं राहिल्या. म्हणाल्या, "थोरलं पोरगं लई सुटलंय बघा. रात्रीची भाकरी बंद केली त्याची. तरी उतरंना."

आम्ही विचारलं, "खेळायला जातो का?"

"कुठलं! पोरं ढोल्या म्हणत्यात. मग कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतंय."

भाकरी बंद झाली आणि मोबाईल चालू राहिला. इथंच चुकलं. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. त्याची हाडं भरायची असतात. वजन आहे तिथं थांबलं आणि उंची वाढत गेली, तरी अंग बेतात येतं. म्हणून डॉक्टर नुसता काटा बघत नाहीत. वजन, उंची, वय तिन्ही बघतात. मूल थोडं चालून धापा टाकत असेल, झोपेत घोरत असेल, मान काळवंडली असेल, तर मात्र दवाखान्यात न्या.

मोबाईल मुलाला तासन् तास बसवून ठेवतो. जेवताना समोर असला की पोट भरलेलं कळत नाही, हात आपला ताटात जातच राहतो. रात्रीची झोपही जाते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. आणि मुलं हे बघतात कुणाचं? आपलंच. आमच्याही हातात फोन असतोच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. पळणं, दोरीच्या उड्या, झपाझप चालत शाळेला जाणं, सगळं धरा. मुलींनाही हे तितकंच लागतं.

आपल्या कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत, तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. त्यांचा गट अवघ्या ५७ किलोचा! पण पैलवान करायचा म्हणून पोराला पाठवू नका. घाम यावा म्हणून पाठवा.

मावशींना आम्ही सांगितलं, भाकरी सुरू करा. पुडीतला तळीव खाऊ आणि बाटलीतलं गोड पाणी कमी करा. घरात कुणी ढोल्या म्हणायचं नाही. एकटा जायला लाजतो, तर आधी तुम्ही बरोबर जा.

परवा मावशी वर्गाला उशिरा आल्या. पोराबरोबर रंकाळ्याला गेल्या होत्या.

"ते गेलं की फुडं पळत," म्हणाल्या, "माझाच दम निघाला."